वेगाचा रकाना

खानापूर-जांबोटी रस्त्याला, मोरीच्या अल्याड
माझं पंक्चरचं दुकान. म्हणून मी पंच.
त्याला दुसरं काही शिक्षण लागत नाही.
टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं शिपायानं,
मध्ये रामलिंग कुंभाराची सायकल,
हँडल कुठलं, चाक कुठलं, विचारू नका.

मोजलं की सगळं. खोटं कशाला बोलू.
रस्त्याची रुंदी. मोरीपासून सायकल एकवीस मीटर.
सायकलपासून माणूस नऊ.
फुटलेली मडकी सतरा.
बुडं मोजा म्हणाले, प्रत्येकाला बुड एकच असतं.
मग ब्रेकची खूण मोजा म्हणाले,
आणि मी टेप उलगडून नुसताच उभा.
डांबरावर माती होती, तांबडी, खापराची.
रबर कुठंच नव्हतं.

लिहिणाऱ्याचं कानडी पळत होतं.
मला येतं ते बसच्या पाटीपुरतं,
तेही बस उभी असली तर.
त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली
आणि मग विचारलं, वेग कुठं लिहिलाय?
तो मराठीत म्हणाला, हळू,
"मामा, तो रकाना साहेब भरतात."

मी भरला असता.
मोरीपासून माझ्या चिंचेपर्यंत शंभर पावलं.
गिऱ्हाईक नसलं की येणारी गाडी मोजायची, चाळाच आहे मला.
लाल बस सहा अंक घेते. वाळूचा टिप्पर चार.
त्या दिवशी 'दोन' तोंडातच होतं.

सायरन नव्हता. दिवा फिरत नव्हता.
पुढं गोव्याच्या दारूची गाडी पळालती म्हणे.
असेल. माझ्यासमोरून गेली नाही,
आणि रस्ता तर एकच आहे.

आठवड्यानं ईराण्णा आला, जीपचा ड्रायव्हर,
अंगात साधा शर्ट, हातात मोटारसायकलचं चाक.
चाकात पंक्चर नव्हतं.
ट्यूब पाण्यात दाबून दाखवली, इथून तिथून, पूर्ण.
एक बुडबुडा नाही. तरी तो पाण्यातच बघत बसला.
"मागनं म्हणालते, होडी, जोर होडी."
तेवढंच बोलला.
माझ्या नातवाला होडी म्हणजे कागदाची, हौदात सोडायची.
कानडीत होडी म्हणजे मार,
आणि गाडी असली की तोच शब्द, हाक.
आपलं तरी काय वेगळं आहे?
आम्हीही म्हणतोच, हाण गाडी.

ईराण्णाची बदली अथणीला झाली.
जीप इथंच आहे. बंपर नवीन.

अठरावं मडकं घाणेरीच्या झुडपात सापडलं, शाबूत.
तोवर पंचनाम्यावर सह्या झालेल्या,
म्हणून ते कागदात नाही.
त्याच्या पोरानं ते खांद्यावर घेतलं, पाणी भरून.
बापाच्या हाताचं मडकं, पक्कं भाजलेलं,
दगडानं टोचलं तर पहिल्या फेरीला भोक पडेना.
स्मशानात कुणीतरी म्हणालं, रामलिंगाचं काम बघा.
कुणी हसलं नाही.

आता माझं.
माझी उधारीची एक वही आहे, तेलकट, बांधणी सुटलेली.
तिच्यात, रामलिंग जायच्या तेवीस दिवस आधी,
माझ्याच अक्षरात:
पोलीस जीप. स्टेपनी पंक्चर.
मागच्या डाव्या चाकाला आतून ब्रेक ऑइल गळतंय. साहेबांना सांगितलं.
साहेब म्हणाले, तू हवा भर.
मी हवा भरली.
दोन शब्द जास्त बोललो असतो तर काय झालं असतं, माहीत नाही.
बोललो नाही, हे माहीत आहे.

सोळा तारखेला कोर्टात साक्ष.
बायको म्हणते, रस्ता त्यांचा, दुकान रस्त्यावर, विचार कर.
वकीलबाईंना विचारलं, वही इतकी मळकी आहे, चालेल का?
त्या म्हणाल्या, पुसू नका. काहीच पुसू नका.

तसाही पुसणार नव्हतो.
त्या पानावर खाली, लाल रेघेशेजारी,
जीपचे चाळीस रुपये
अजून येणे आहेत.